परसातली तुती आणि अण्णांचा काढा

माझ्या लॅबच्या पांढऱ्या एप्रनवर, डाव्या खिशाच्या जरा खाली, एक डाग आहे. रक्त द्यायला समोर बसलेला माणूस आधी सुईकडे बघतो, मग त्या डागाकडे. दरवेळी सांगावं लागतं, रक्त नाही हो, तुती आहे. गेल्या मार्चमध्ये मिरजेला निघायच्या घाईत दोन फळं तोंडात टाकली, तिसरं खिशात ठेवलं आणि विसरले.

पडला तेव्हा डाग जांभळा होता. साबण लावला तर निळा झाला. लिंबू चोळलं तर गुलाबी. जांभळात किंवा लाल कोबीत असतो तसलाच रंग हा, अँथोसायनिन. आंबट लागलं की लाली धरतो, साबण-सोडा लागला की निळा होतो. म्हणजे एका एप्रनवर मी अख्खं लिटमसचं प्रॅक्टिकल करून बसले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, कच्चं लाल फळ चुरडून चोळायचं असतं, आणि लगेच." बोटांवरचे डाग त्यानं खरंच जातात. एप्रनला उशीर झाला होता.

डागाचा खुलासा झाला की पुढचा प्रश्न ठरलेला. "मॅडम, तुती मिळते कुठं?"

मिळत नाही, हेच खरं उत्तर. पाचगणी-महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीच्या शेजारी डब्यांतून दिसते. एरवी तिचं सरबत, जॅम आणि क्रश मिळतो. ताजं फळ सांगलीच्या बाजारात येत नाही, कारण ते येईपर्यंत टिकतच नाही. तुतीला साल अशी नसतेच. सकाळी तोडलेली फळं वाटीत ठेवली की दुपारी खालच्या थराचा रस वाटीच्या तळाशी येतो. फ्रीजमध्ये फार तर दोन दिवस. पूर्ण पिकलेली तुती ही झाडाखाली उभं राहूनच खायची वस्तू आहे. म्हणून ती घरी लावायची.

लहानपणी मला वाटायचं की आइस्क्रीमवरची टूटी-फ्रूटी या तुतीचीच करतात. ती कच्च्या पपईची असते हे कळलं तेव्हा मी नववीत होते.

आमच्याकडे पहिलं झाड आलं २०१६ साली, गेवराईहून. माझा मावसभाऊ तिकडे रेशीम करतो. दीड एकर तुती, एक शेड, आणि कोष तयार झाले की जालन्याच्या बाजारात. त्याच्या शेडमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा त्यानं दारातच अडवलं. चप्पल बाहेर, हात धुवायचे, पायाला चुना लावून आत. माझ्या नवऱ्याच्या खिशात तंबाखूची पुडी होती, तीसुद्धा बाहेर ठेवायला लावली. "दाजी, तंबाखूनं अळ्या मरतात." नवऱ्याला तंबाखूबद्दल जे मी बारा वर्षं सांगत होते ते अळ्यांच्या निमित्तानं एका वाक्यात सांगून झालं. परिणाम शून्य, ते सोडा.

येताना त्यानं पोतंभर काड्या दिल्या. व्ही-१ नावाची जात, मैसूरच्या संशोधन केंद्रातली. परसात लावल्या, सगळ्या जगल्या. आणि पानं अशी आली की काय सांगू! तळहाताहून मोठी, चकचकीत. फळं मात्र दोन वर्षांत मोजून दहा-बारा, तीही शेंगदाण्याएवढी. फोन केला तर मावसभाऊ हसायला लागला. "आक्का, ही पाल्याची जात हाय. आम्ही फळ कशाला बघतोय? फांदी फुटली की पाला कापायचा, अळीला घालायचा." शिवाय त्यानं सांगितल्याप्रमाणे मी दर दोन-तीन महिन्यांनी झाड खालपासून छाटत होते. झाड बिचारं दरवेळी नव्यानं उंच व्हायच्याच मागे.

हल्ली त्या झाडाचा पाला पलीकडच्या गल्लीतल्या एक मावशी शेळ्यांना नेतात. शेळ्या तुतीच्या पानासाठी वेड्या होतात. बदल्यात मला लेंडीखत मिळतं, जे विकत आणायला गेलं तर आता परवडत नाही.

फळाचं झाड मिळालं मिरजेत. लॅबच्या मागं जुन्या क्वार्टर्स आहेत, तिथं कुंपणाला टेकून एक तुती आहे. फेब्रुवारीत त्याच्याखालची फरशी काळी होते, इतकं फळ. तिथल्या माळीमामांना मी दोन वर्षं येता-जाता नमस्कार करत होते, शेवटी २०१८ च्या जूनमध्ये काड्या मागितल्या.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, ज्या झाडाला फळ लागलेलं आपण डोळ्यांनी बघितलं आहे त्याचीच काडी घ्यायची. तुतीची काही झाडं नुसती नर असतात, तुरे येतात, परागकण उडतात, फळाचं नाव नाही. नर्सरीतल्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून लोक पाच-पाच वर्षं नराला पाणी घालत बसतात. दुसरी, काडी कोवळी नको आणि जाडजूडही नको, पेन्सिलीएवढी हवी. वीतभर लांब, तीन-चार डोळे असलेली. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरचा सरळ. त्यामुळं कुठलं टोक जमिनीत जायचं ते विसरत नाही. (मी एक उलटी लावली. ती अर्थातच वाळली.) दोन डोळे मातीत, बाकीचे वर. सावलीत ठेवायचं, माती ओली ठेवायची, उपटून मुळं आली का बघायचं नाही. हे शेवटचं माळीमामांनी नाही, माझ्या अनुभवानं सांगितलं. सहातल्या चार जगल्या. त्यातल्या एकीला महिनाभरात, धड चार पानं नसताना, हिरवं इवलं फळ आलं होतं. तुतीला एवढी घाई असते.

एक काडी परसात लावली, एक गच्चीवरच्या निळ्या ड्रममध्ये, बाकी दोन वाटून टाकल्या.

आणि मग २०१९ चा ऑगस्ट आला. महापूर. आमचं घर सांगलीच्या गावभागात, कृष्णा नदीपासून फार लांब नाही. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी नणंदेकडे गेलो आणि परत आलो तेव्हा परसात नुसता राडा होता. पपई आडवी, शेवगा आडवा, कढीपत्ता मेलेला. मिरजेहून आणलेल्या तुतीवर शेंड्यापर्यंत गाळाचा लेप, पानं काळी पडून लोंबत होती. घरातलं इतकं काही गेलं होतं की झाडाकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. नवरा म्हणाला, गाळ काढताना तेही काढून टाकू. राहून गेलं.

सप्टेंबरच्या मध्यावर मी फडकी वाळत घालायला मागं गेले. तुतीला प्रत्येक पेरावर कोंब फुटले होते. आणि नुसती पानं नाहीत, प्रत्येक कोंबाच्या बुडाशी दोन-दोन, तीन-तीन हिरव्या, केसाळ, अळीसारख्या गोष्टी. फळं! गच्चीवरच्या ड्रममधल्या झाडाला पुराचं पाणी लागलंच नव्हतं, ते हिरवंगार उभं होतं आणि त्याला एकही फळ नव्हतं.

मावसभावाला फोटो पाठवला. तो म्हणाला, "पाला गेला ना सगळा, मग फुटणारच की." तुतीचं फळ नव्या फुटीवर येतं. जुनी पानं झडून पडली किंवा काढून टाकली की झाड नवी फूट काढतं आणि त्या फुटीबरोबर फळ घेऊन येतं. बुडापासून छाटलं तर पानांचे झुबके येतात. नुसते शेंडे कापून पाला ओरबाडला तर फळ. नदीनं माझ्या झाडाचा पाला ओरबाडला होता, एवढंच. त्या ऑक्टोबरमध्ये तीसेक फळं मिळाली. घरात अजून ओल होती, भिंतींचा वास जात नव्हता, आणि आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तुत्या मोजून वाटून घेतल्या. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यांच्या वाट्याची एक नातीला दिली आणि नंतर दिवसभर सांगत राहिले की मी माझी दिली.

तेव्हापासून दोन्ही झाडांना मीच ऑगस्ट आणते. डिसेंबरच्या शेवटी दोन आठवडे पाणी तोडते. मग एका रविवारी सगळी पानं हातानं काढायची, देठ खाली न ओढता वरच्या बाजूला झटका द्यायचा म्हणजे डोळा सोलत नाही. शेंडे वीतभर कापायचे. चिरलेल्या जागेतून पांढरा चीक येतो, तो कपड्यांना आणि डोळ्यांना लागू द्यायचा नाही. बुडाशी लेंडीखत, वर भरपूर पाणी. दोन-तीन आठवड्यांत फूट दिसते, फेब्रुवारीच्या शेवटी फळ खायला येतं. जूनमध्ये हेच पुन्हा, पण पावसातल्या फळाला गोडी कमी.

ड्रममध्येही चांगलं येतं. माझा अर्धा कापलेला ड्रम आहे, तळाला भोकं, आणि उन्हाळ्यात दोन वेळा पाणी. ऊन मात्र दिवसभर हवं. कीड म्हणाल तर पिठ्या ढेकूण. शेंड्याची पानं चुरगळून गाठ झाल्यासारखी दिसली की समजायचं तो आला, रेशीमवाले त्याला तुकरा म्हणतात. मी तो शेंडा कापून साबणाच्या पाण्यात बुडवते आणि विषय संपवते. थंडीत पानांच्या मागं भुरीही येते, पण तोवर पानं काढायचीच असतात. रासायनिक फवारणी करत नाही, ज्या फळाला साल नाही त्यावर काय फवारायचं?

खरा शत्रू बुलबुल. आणि कोकिळा, ती ठिपक्यांची मादी, जी अजिबात गात नाही, नुसती खाते. जाळी टाकून बघितली, एक साळुंकी अडकली, तिला सोडवताना माझा हात चोचीनं फुटला, जाळी काढली. आता वरची फांदी त्यांची, हाताला येते ती आमची. शेजाऱ्यांची तक्रार वेगळीच आहे. त्यांची गाडी पांढरी आहे आणि मार्चमध्ये तिच्यावर जांभळे ठिपके पडतात. दरवर्षी एक वाटी तुती पाठवून मी तो तह करते.

फळ जवळून बघितलं आहे का कधी? एक तुती हातात घ्या. ते एक फळ नसतं. प्रत्येक मणी एकेका फुलाचा झालेला असतो, आणि मण्याच्या टोकाला त्या फुलाचा वाळका केस अजून चिकटलेला दिसतो. फणसाचंही असंच. एकेक गरा म्हणजे एकेक फूल, न फळलेली फुलं म्हणजे गऱ्यांभोवतीचे ते चिवट धागे. तुती आणि फणस एकाच कुळातले, वड, पिंपळ, उंबर आणि अंजीरही त्यातच. चीक सगळ्यांना आहे. एवढ्या मोठ्या खानदानात ही एकच नाजूक.

पिकण्याचं म्हणाल तर काळी दिसली म्हणजे पिकली असं नाही. बोट लावल्याबरोबर हातात आली तर पिकली. ओढावी लागली तर आंबट. ती लाल, ओढून काढलेली वाया जात नाही. सासूबाई तिची चटणी करतात, लाल तुती, हिरवी मिरची, जिरं, मीठ, गुळाचा खडा, पाट्यावर ओबडधोबड. ज्वारीच्या भाकरीबरोबर. जॅम करणार असाल तर काळ्यात थोडी लाल फळं आणि लिंबू घाला, नुसत्या काळ्याचा जॅम घट्ट होता होत नाही.

आता आरोग्याचं. मी लॅबमध्ये काम करते, त्यामुळं घरी-दारी सगळे मला अर्धी डॉक्टर समजतात आणि ऐकत मात्र कुणी नाही. तुतीबद्दल मोबाइलवर फिरणारे मेसेज मी बघितलेत. रक्त वाढतं, साखर उतरते, केस काळे होतात, चष्मा जातो. माझा गेला नाही.

शंभर ग्रॅम तुतीत साधारण ४३ कॅलरी, ३६ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि दोन मिलिग्रॅमच्या आतबाहेर लोह असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्याप्रमाणे बाईला दिवसाला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं, म्हणजे वाटीभर तुतीत निम्म्याहून जास्त काम झालं. ही गोष्ट चांगली आणि खरी. लोह लागतं २९ मिलिग्रॅम. तुतीनं रक्त वाढवायचं ठरवलं तर रोज दीड किलो खावी लागेल, आणि मग डॉक्टरकडे वेगळ्याच कारणानं जावं लागेल. माझ्यासमोर सात-साडेसात हिमोग्लोबिनच्या मुली बसतात. त्यांना मी तुती खा म्हणत नाही, डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी खा म्हणते, आणि जेवणाबरोबर लिंबू, पेरू, असेल तर तुती खा. क जीवनसत्त्वानं भाजी-डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवल्यावर लगेच चहा घेतला तर उलटं होतं. हे सांगितलं की मुलींच्या आया माझ्याकडे अशा बघतात की मी चहाचा अपमान केला.

साखर तुतीत आठ ग्रॅम. आमच्याकडच्या द्राक्षात जवळजवळ दुप्पट. तासगावच्या बेदाण्याचं तर नावच नको, तो वाळवलेला असतो. त्यामुळं डायबेटीसवाल्या माणसानं जेवणानंतर वाटीभर तुती खाल्ली तर माझी हरकत नाही. हरकत आहे ती पानांच्या काढ्याला, कारण तो आमच्या घरात घडला आहे.

अण्णा तेव्हा ७६ वर्षांचे. साखर पंधरा वर्षांची. २०२१ च्या हिवाळ्यात त्यांना मेसेज आला की तुतीचं पान उकळून प्यायलं की साखर पळते. परसात व्ही-१ चं जंगल, पानांना काय तोटा! पहाटे मी उठायच्या आत पाच-सहा पानं उकळून पिणं सुरू झालं. मला पत्ता नाही. संकष्टीच्या दिवशी त्यांनी काढा घेतला, सवयीनं सकाळची गोळीही घेतली, खाल्लं काही नाही आणि चालत गणपतीच्या देवळात जाऊन आले. अकराला खुर्चीत बसल्या बसल्या घामाघूम, हात थरथरायला लागले. ग्लुकोमीटर लावला, साखर ५८, म्हणजे फारच खाली.

मी पटकन साखरेचं पाणी दिलं, जे कुणीही देईल. पंधरा मिनिटांनी बघते तर ६१. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, गोळी कुठली? नाव सांगितलं तर म्हणाले, "ताई, साखर नको, ग्लुकोज पावडर द्या. त्यांच्या गोळीत व्होग्लिबोज आहे, ते साखर फुटूच देत नाही." घरात उन्हाळ्यातला डबा होता. तीन चमचे पाण्यातून दिले, पंधरा मिनिटांत ९४.

काढ्याचं अण्णांनी मग कबूल केलं. डॉक्टरांनी नंतर समजावलं ते असं. त्या गोळीत दोन औषधं आहेत. एक इन्सुलिन वाढवून साखर खाली आणतं, दुसरं आतड्यात साखर आणि पिठूळ पदार्थ फोडणाऱ्या पाचकरसाला अडवतं. तुतीच्या पानात असलेलं एक द्रव्य नेमकं हेच दुसरं काम करतं. म्हणजे मेसेज अगदीच खोटा नव्हता. पण पाच पानांत ते द्रव्य किती उतरलं याचं माप कुणाकडे नाही, आणि वर गोळी आहेच. त्या दिवशी साखर कशानं किती उतरली, उपासानं, गोळीनं, चालण्यानं की काढ्यानं, हे सांगता येणार नाही. आपण घरात सगळं एकत्र केलं होतं, एवढं खरं. तेव्हापासून ग्लुकोजचा डबा देवघराच्या खालच्या कप्प्यात कायमचा आहे. अशी गोळी ज्यांच्या घरात चालू आहे त्यांनी तेवढं जरूर करावं, साखरेच्या डब्यावर विसंबू नये.

मी अण्णांवर खूप चिडले. लोकांच्या साखरा मोजणारी सून घरात, आणि हे! ते शांतपणे ऐकत होते. सगळं बोलून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे पान काम करतं म्हणायचं."

काढा बंद झाला. फळं चालू आहेत, वाटी मी मोजून देते, ते झाडाखाली जाऊन वरकमाई करतात, ओठांवरून कळतं.

परवा मावसभावाचा फोन आला. मला वाटलं कोषांच्या भावाबद्दल बोलेल. तो म्हणाला, "आक्का, तुझ्याकडच्या त्या खायच्या तुतीच्या काड्या पाठव की चार. दीड एकर तुती हाय, पण पोरांनी अजून तुती खाल्ली न्हाई." शेंडे छाटायचे होतेच. आठ काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीच्या पार्सलनं गेवराईला पाठवल्या. अण्णांनी खडूनं प्रत्येक काडीच्या वरच्या टोकाला पांढरी खूण केली आहे, कारण त्यांच्या मते मी उलटी लावणाऱ्या घराण्यातली आहे.